यादीबाहेरची नोंद

माझे पती भरतेश यांच्या डाव्या कोपराच्या आतल्या बाजूला सलाईनच्या सुईचा डाग पडला होता. पहिल्या दिवशी तो जांभळा होता, लांबी साडेतीन सेंटिमीटर. चौथ्या दिवशी त्याच्या कडा हिरवट झाल्या. सातव्या दिवशी मध्यभागही हिरवा झाला आणि कडा पिवळ्या पडायला लागल्या.

मी बत्तीस वर्षं साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाच्या रसाची शुद्धता मोजली. रंग बदलला की टिपून ठेवायची सवय हाताला आहे. आयसीयूबाहेरच्या बाकावर दुसरं काही करण्यासारखं नव्हतं, म्हणून मी हे टिपत होते. या रंगांत गूढ काही नाही. त्वचेखाली रक्त सांडतं, तांबड्या पेशी फुटतात, त्यांतलं हिमोग्लोबिन बाहेर पडतं. सफाई करणाऱ्या पेशी येऊन ते गिळतात आणि त्याचे तुकडे करतात. आधी हिरवं रंगद्रव्य, मग पिवळं, मग काहीच नाही.

तसाच दुसरा डाग भरतेश यांच्या कवटीच्या आत होता, डाव्या बाजूला, खोलवर. अठ्ठावीस मिलिलिटर. श्रावणातल्या एका मंगळवारी सकाळी दाढी करताना त्यांच्या हातातून वस्तरा पडला आणि पाठोपाठ ते पडले. कोपरावरचा डाग पंधरा दिवसांत जाणार होता. आतला तसा सरळ जाणारा नव्हता.

"मेंदूचे स्वतःचे राखणदार असतात, काकू," डॉक्टर नाझनीन शिकलगार म्हणाल्या. चाळिशीच्या आतबाहेरची, भराभर चालणारी आणि सावकाश बोलणारी बाई. "मायक्रोग्लिया म्हणतात त्यांना. रक्त सांडलं की ते आधी आरडाओरडा करतात."

"घरात चोर शिरल्यासारखा?"

"हो. आणि चोर नसतोच. सांडलेलं रक्त आपलंच असतं. पण त्यांना ते परकं वाटतं. ते जळजळीत रसायनं सोडतात, बाहेरच्या पांढऱ्या पेशींना आत बोलावतात, सूज येते. पहिल्या आठवड्यात या गोंधळानंही पुष्कळ पेशी मरतात. त्यात फुटलेल्या रक्तातलं लोह आजूबाजूला विषासारखं पसरतं. पुढे कधीतरी तेच राखणदार शांत होतात आणि सफाईला लागतात. हे 'कधीतरी' लवकर यावं, म्हणून हे औषध."

औषधाला दोन वर्षांपूर्वी मान्यता मिळाली होती. त्याचं नाव लांबलचक होतं. वॉर्डातल्या सिस्टर त्याला 'झाडूचं इंजेक्शन' म्हणत. ते दिलं की राखणदार एका दिवसात आरडाओरडा सोडून सफाईला लागत आणि चाळीस दिवस सफाईच करत राहत. ज्यांनी घेतलं त्यांच्यातले बहुतेक पुन्हा बोलू लागले होते, चालू लागले होते.

"आणि अडचण?" मी विचारलं. अडचण नसती तर त्यांनी मला खुर्चीवर बसवलं नसतं.

"या पेशींचं आणखी एक काम असतं. लहान मुलाच्या मेंदूत गरजेपेक्षा जास्त जोडण्या असतात. वापरात नसलेल्या जोडण्यांवर एक खूण पडते आणि या पेशी त्या खाऊन टाकतात. वापरातली जोडणी 'मला खाऊ नका' असा निरोप देत राहते. मोठेपणी हे काम जवळजवळ थांबतं. औषधानं ते पुन्हा सुरू होतं. डागाच्या आसपास, चाळीस दिवस."

"म्हणजे जे आठवलं जाणार नाही, ते जाईल."

"साधारण बारा वर्षांतलं. जुन्या आठवणी मेंदूभर पसरून घट्ट झालेल्या असतात, त्यांना धोका नाही. अलीकडच्या अजून याच भागाला टेकून असतात. त्यांची उजळणी करावी लागेल. रोज, घरच्या माणसानं विचारून." त्यांनी एक फॉर्म पुढे केला. "राखायच्या आठवणींची यादी करा. दोन नातेवाइकांच्या सह्या लागतात, म्हणजे एकाच माणसाच्या मर्जीनं यादी होऊ नये."

चौथ्या दिवशी मी संमती दिली, लगेच इंजेक्शन दिलं गेलं, आणि तिथून मी दिवस नव्यानं मोजायला लागले. दुसरी सही चंदनाची. ती भरतेश यांची धाकटी बहीण, सांगलीतच राहते. आम्हाला मूल नाही.

यादी मी एकटीनं केली. प्रत्येक आठवणीपुढे तारीख, जागा, हजर असलेली माणसं, एखादा वास किंवा आवाज. चंदनाच्या मुलीचं, रूपालीचं लग्न. पाटबंधारे खात्यातून भरतेश निवृत्त झाले तो समारंभ, त्यातली खारट झालेली बासुंदी. पुराचं पाणी विश्रामबागेतल्या आमच्या घरात दोन फूट चढलं ते दिवस. एकशे त्रेचाळीस नोंदी झाल्या. त्यांतल्या आम्हा दोघांच्या म्हणाव्यात अशा एकोणीस निघाल्या, आणि त्या एकोणिसांतल्या सतरा पहिल्या सहा वर्षांतल्या होत्या.

नंतरच्या सहा वर्षांत आमच्या घरात अबोला होता. भांडण नव्हतं. 'गॅस संपलाय', 'प्लंबर येणारेय', एवढं आम्ही बोलत होतो. नावानं हाक मारत नव्हतो. अबोल्याची नोंद कशी करायची ते मला कळलं नाही. त्यात आठवण्यासारखं काही घडलेलं नसतं.

त्याची सुरुवात मात्र तारखेसकट माहीत होती. सहा वर्षांपूर्वी मार्चमध्ये माझे वडील, आप्पा, शिरोळहून आमच्याकडे राहायला आले. आई गेल्यावर ते एकटे होते, दिसायचं कमी झालं होतं, आणि मी एकुलती एक. मी कारखान्यावर होते. भरतेश त्यांना म्हणाले, "जावयाच्या घरी सासरा राहत नाही, आप्पा. आपल्यात तसं नसतं." आप्पांना त्यांनी त्याच संध्याकाळी जयसिंगपूरजवळच्या एका वृद्धाश्रमात नेऊन सोडलं. आठ महिन्यांनी आप्पा तिथेच गेले.

तेव्हाच मी ठरवलं होतं की हे घर सोडायचं. आधी पूर आला. मग भाचीचं लग्न निघालं. मग त्यांची निवृत्ती, मग भाचीचं बाळंतपण. या वर्षी आषाढात मी कोल्हापूरला रंकाळ्याच्या बाजूला दोन खोल्या बघून आले, मालकिणीला हो म्हणून आले. श्रावण संपला की भरतेश यांना सांगायचं ठरवलं होतं. श्रावण संपण्याआधी वस्तरा पडला.

आप्पांची नोंद मी यादीत घातली नाही. मनाशी म्हटलं, आजारी माणसाला रोज हे विचारायचं कसं? त्या ओळीवर मी छतावरची पाण्याची टाकी गळली होती, ते लिहिलं. चंदनानं यादी वरपासून खालपर्यंत वाचली, एका जागी थोडी थांबली, आणि सही केली.

बाराव्या दिवशी त्यांना घरी आणलं. रोज सकाळी दहाला मी त्यांच्या डोक्याला संवेदकांची पट्टी बांधायची आणि टॅबलेट मांडीवर घेऊन समोर बसायची. मी विचारायची, त्यांनी सांगायचं. आठवण खरोखर जागी झाली की टॅबलेटवरची रेघ वर चढे. नुसतं 'हो हो' म्हटलं तर रेघ पडून राही. मी आयतं सांगून उपयोग नव्हता. त्यांच्याच तोंडून यायला हवं होतं.

"रूपालीच्या लग्नात काय गोंधळ झाला?"

"वीज... वीज गेली."

"मग?"

"मग तू... गाडीचे दिवे. मांडवाकडे वळवलेस." रेघ चढली. "सगळे म्हणाले, इंजिनियर कोण, हा का ही?"

ते हसले. उजवी बाजू हलत नव्हती, त्यामुळे हसू अर्ध्याच तोंडावर आलं. तिसऱ्या आठवड्यात ते छोटी छोटी वाक्यं बोलू लागले. आणि ते मला हाका मारू लागले. त्रिशला, खिडकी उघड. त्रिशला, बस ना इथे. सहा वर्षांत या घरात माझं नाव कुणी उच्चारलं नव्हतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी स्वयंपाकघरात होते, आणि कुणीतरी पाहुणं आलं असं मला वाटलं.

अबोला त्यांच्यातून गेला होता. त्याची उजळणी झाली नव्हती. राखणदारांनी तो खाऊन टाकला. सहा वर्षं माझ्या एकटीकडे उरली. दुपारी ते झोपले की मी मागच्या खोलीत जाऊन बसायची. अबोल्यात निदान एक होतं, की भिंतीपलीकडच्या माणसालाही तो ठाऊक होता. आता मी ज्यावर गप्प होते ते दुसऱ्या कुणाला ठाऊकच नव्हतं.

एकोणतिसाव्या दिवशी क्षमावणी आली. पर्युषण संपलं की आमच्यात सगळे एकमेकांकडे जातात आणि वर्षभरात झालेल्या चुकांची क्षमा मागतात. गेली सहा वर्षं भरतेश सगळ्या गल्लीत, सगळ्या नातेवाइकांत फिरून येत आणि मला ओलांडून आपल्या खोलीत जात. मीही त्यांच्यापुढे हात जोडले नव्हते.

चंदना सकाळी मंदिरातून थेट आली.

"वहिनी, बोलण्या-वागण्यात काही चुकलं असेल तर उत्तम क्षमा."

"उत्तम क्षमा," मी म्हटलं.

"दादा, तुझी पण. लहानपणी तुझी कंपासपेटी विहिरीत गेली ना? ती मी टाकलेली."

"तू?" भरतेश यांनी डोळे मोठे केले. "मी बाळूला... मारलं होतं."

"माहीत आहे की. बघत होते मी."

दोघं खूप हसले. मग भरतेश माझ्याकडे वळले. उजवा हात उचलला जात नव्हता. त्यांनी डाव्या हातानं तो उचलला, छातीशी आणला आणि दोन्ही तळवे जुळवले. त्यात बराच वेळ गेला.

"त्रिशला," ते म्हणाले. "उत्तम क्षमा."

या दोन शब्दांसाठी मी सहा वर्षं थांबले होते. उलट तेच दोन शब्द म्हणायचे असतात, बाकी काही नाही. मी विचारलं, "चहा ठेवू?"

"ठेव. आणि आप्पांना फोन लाव."

"कुणाला?" चंदनानं विचारलं.

"आप्पांना. हिच्या. दरवर्षी लावतो की क्षमावणीला." ते शब्द शोधत सावकाश बोलत होते. "शिरोळला एकटेच असतात. दिसत नाही आता नीट. इकडेच आणू या त्यांना. वरची खोली... रिकामीच आहे."

मी स्वयंपाकघरात गेले. गॅसवर पातेलं ठेवलं आणि पाणी घालायचं राहिलं. पातेलं तापून वास आला तेव्हा चंदना आत आली आणि तिनं गॅस बंद केला.

चूक माझी होती, आणि ती प्रयोगशाळेतल्या माणसाची चूक होती. नमुन्यातून एखादा घटक वेगळा काढता येतो, बाकीचं जसंच्या तसं राहतं, असं मी धरून चालले होते. नकार काढला तेव्हा त्याच्याबरोबर आश्रम गेला, आठ महिने गेले, आप्पांचं मरण गेलं. भरतेश यांच्या डोक्यात उरले ते जुने, घट्ट आठवणींतले आप्पा. शिरोळच्या घरात एकटे, फोनची वाट बघत.

"वहिनी, हे यादीत नव्हतं."

"नव्हतं."

"तुम्ही गाळलंत."

"आणि तू सही केलीस."

"केली. खोटं कशाला बोलू? वाचताना कळलं होतं मला. वाटलं, बरं झालं." तिनं पातेलं उचलून मोरीत ठेवलं. "आता तो स्वतःच म्हणतोय, आणू या. हेच ऐकायचं होतं ना तुम्हाला? क्षमाही मागितली."

"कशाची मागितली ते त्यांना माहीत नाही, चंदना."

"क्षमावणीला यादी करून कोण मागतं ओ? सगळ्याचीच मागायची असते. मी कंपासपेटीची मागितली. आणखी काय काय टाकलं विहिरीत ते मला तरी कुठं आठवतंय?"

मी म्हटलं, "मला ती नोंद यादीत घालायची आहे. अजून अकरा दिवस आहेत. तुझी सही लागेल."

"कशाला पण? तुम्हाला हवा तसा दादा मिळालाय. नावानं हाक मारतो, हसतो. राहा की आता सुखानं."

"मला हवा तसा मीच केलाय तो, माझ्या हातच्या यादीतून. त्यांच्याशी बोलताना मला सारखं वाटतं, मी एकटीच बोलतेय."

तिनं मोरीत नळ सोडून पातेलं विसळलं. मग खालच्या आवाजात म्हणाली, "रंकाळ्याकडच्या खोल्या आवडल्या का?"

मी तिच्याकडे पाहिलं.

"माझी जाऊ त्याच गल्लीत राहते, वहिनी. आषाढातच कळलंय मला. दादाला बोलले नाही. तुम्ही बोलाल म्हणून थांबले."

"तरीही सही मागतेय."

"करते. पण त्या दिवशी मी इथं येणार नाही. त्याचं तोंड बघवायचं नाही मला."

संध्याकाळी मी डॉक्टर शिकलगारांना फोन केला. एकोणतीस दिवस न आठवलेली गोष्ट शिल्लक असेल का, असं विचारलं.

"सांगता येत नाही. विचारून बघा. पण काकू, नुसतं सांगू नका. सांगितलं तर ते बातमीसारखं ऐकतील, विश्वासही ठेवतील. आठवणं वेगळं. रेघेला फरक कळतो."

"त्यांना त्रास होईल."

"होईल. काय ठेवायचं ते औषध ठरवत नाही, काकू. ते ठरवायचं काम आम्ही घरच्यांवर टाकलं. ते बरोबर केलं की नाही, मला अजून कळलेलं नाही."

एकतिसाव्या दिवशी सकाळी दहाला मी पट्टी बांधली. नेहमीच्या वीस नोंदी झाल्या. मग मी टॅबलेट खाली ठेवला आणि परत उचलला.

"आप्पा इथे राहायला आले होते. सहा वर्षांपूर्वी. मार्चमध्ये."

"आप्पा?" रेघ सपाट. "इथे?"

"दुपारी. शिरोळच्या एसटीनं. लोखंडी ट्रंक घेऊन."

सपाट.

"तुम्ही घरी होता. मी कारखान्यावर होते. व्हरांड्यात बसले होते ते. काय झालं त्या दिवशी?"

भरतेश यांनी डोळे मिटले. मी सेकंद मोजत होते. चाळिसाव्या सेकंदाला मला वाटलं, गेलं. आणि खरं सांगायचं तर मला हलकं वाटलं.

"साखर नाही," ते म्हणाले.

रेघ एका मिलिमीटरनं वर आली.

"चहात साखर नाही. त्यांना चालत नव्हती. मी... मीच केला चहा." रेघ चढत होती. "दोन कप. ट्रंकेवर ठेवले. ते म्हणाले, छान झालाय."

हे मला माहीत नव्हतं. सहा वर्षं मी त्या व्हरांड्यात फक्त नकार बघत होते. चहाचं कुणी सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं.

"मग?"

"मग बसलो. दोन तास. ते तुझी वाट बघत होते." त्यांचा डावा हात चादर मुठीत धरून होता. "मग मी म्हटलं, आपल्यात तसं नसतं. ते म्हणाले, बरं. मग गाडी काढली." रेघ टॅबलेटच्या वरच्या कडेला जाऊन पोहोचली होती. "त्रिशला. आप्पा कुठे आहेत?"

"तुम्ही सांगा."

ते रडायला लागले. अर्धा चेहरा रडत होता आणि अर्धा स्तब्ध होता. बऱ्याच वेळानं म्हणाले, "वरची खोली रिकामी होती."

"होती."

"मग मी का?"

"ते मी सहा वर्षं विचारणार होते."

त्यांनी डोळे पुसले. मग माझ्याकडे बघून, दोष न देता, एखाद्या गणितातली राहिलेली पायरी विचारावी तसं विचारलं, "तू का नाही आलीस? दोन तास होते."

"गाळपाचा शेवटचा आठवडा होता. आप्पांचा फोन आला होता मला, स्टँडवरून. मी म्हटलं, संध्याकाळी येते."

"आणि नंतर? आठ महिने?"

टॅबलेटवर त्यांची रेघ होती. माझ्या डोक्याला पट्टी नव्हती. असती तर ती काय दाखवत होती ते मला बघायचं नव्हतं.

"रोज ठरवत होते, की रविवारी जाऊन घेऊन यायचं," मी म्हटलं. "कुणाला बोलले नव्हते."

आठ महिन्यांत चौतीस रविवार येतात. हे मी कुणापुढे मोजलं नव्हतं. माझ्या आठवणींत आप्पांना न आणणारा माणूस एकच होता आणि तो भरतेश होता. त्याच आठवणीत मी होते, ते मी खाऊ दिलं. त्यासाठी मला कसलं इंजेक्शन लागलं नव्हतं.

पुढचे नऊ दिवस ती नोंद रोज घेतली. पहिले दोन दिवस ते रडले. तिसऱ्या दिवशी आवाज कापरा झाला, पण थांबला नाही. चौतिसाव्या दिवशी पट्टी सोडताना त्यांनी विचारलं, "शिक्षा आहे का ही?"

"थोडी असेल," मी म्हटलं. "किती, ते मला नीट मोजता येत नाही."

"असू दे. ठेव यादीत."

छत्तिसाव्या दिवसाच्या स्कॅनमध्ये आतला डाग तीन मिलिलिटरवर आला होता. भरतेश काठी धरून व्हरांड्यापर्यंत गेले आणि तिथे बसून राहिले. मी शेजारी बसले. आम्ही आप्पांबद्दल बोललो. त्यांच्या चष्म्याला बांधलेल्या दोऱ्याबद्दल, ते शाळेत शिकवायचे तेव्हाच्या छडीबद्दल, जी त्यांनी कधी वापरली नाही. अबोला संपला होता, आणि या वेळी दोघांच्या माहितीनं संपला होता. माझा राग गेला. मी तो शोधला, कारण इतकी वर्षं सवय होती, पण तो नव्हता.

त्यानंतर जे दिसलं ते मला अनपेक्षित होतं. रस आटवला की पाणी जातं आणि तळाशी जे असतं ते राहतं. राग गेला, तरी कोल्हापूर तिथेच होतं. मी त्यांच्यावर रागावून निघाले आहे असं मला सहा वर्षं वाटत होतं. ते खरं नव्हतं. मला एकटीनं राहायचं होतं. कदाचित आप्पा यायच्या आधीपासून. त्यांच्या मरणाचं कारण मी त्यापुढे ठेवलं, कारण बायकोनं घर सोडायला एवढं मोठं कारण लागतं असं मी धरून चालले होते. आता कारण उरलं नव्हतं आणि ठरवलेलं उरलं होतं. ते भरतेश यांना सांगणं आता जास्त अवघड झालं होतं. वाईट वागलेल्या माणसाला सोडणं सोपं असतं.

चंदनाला मी सदतिसाव्या दिवशी फोन केला.

"दिवसभर त्यांच्यासाठी एक बाई ठेवू या. आणि तुझ्याकडे खालची खोली आहे ना?"

"आहे," ती म्हणाली. "बोललात का त्याला?"

"नाही अजून."

"मग मला आधी कशाला सांगता, वहिनी? इतकी वर्षं झाली, त्याच्या वाटणीचं तुम्ही भिंतीलाच सांगत आलात."

चाळिसाव्या दिवशी सकाळी दहाला मी शेवटची पट्टी बांधली. बाहेर नळाला पाणी आलं होतं आणि शेजारी कुणीतरी मोटार लावली होती. आम्ही लग्नातली वीज घेतली, पूर घेतला, खारट बासुंदी घेतली. टाकी गळल्याचीही नोंद घेतली.

"आप्पा कुठे आहेत?"

"गेले. आठ महिन्यांनी. आश्रमात."

"इथे राहायला कोण नको म्हणालं?"

"मी." रेघ चढली आणि चढूनच राहिली. मग ते म्हणाले, "आता मी विचारतो. आणायला कोण गेलं नाही?"

"मी," मी म्हटलं.

ते मान हलवत राहिले. डॉक्टरांनी सांगितलं होतं, बाराला सिस्टर येऊन रक्त घेईल, औषधाचा शेवटचा अंशही उतरला असेल. त्यानंतर राखणदार परत आपापल्या जागी गप्प बसतील. जे राहिलं ते राहील.

"संपलं?" भरतेश यांनी विचारलं. "एकशे चव्वेचाळीस?"

"यादी संपली."

"मग पट्टी का नाही सोडत?"

मी टॅबलेट बाजूला ठेवला. रेघ मला बघायची नव्हती.

"एक राहिलंय. ते यादीत नाही. अजून घडलेलं नाही ते, म्हणून विचारता येत नाही. मलाच सांगावं लागेल."

"सांग."

"मध्ये थांबवू नका. थांबले तर परत वर्षं जातील."

त्यांनी काठी मांडीवरून काढून भिंतीला टेकवली आणि डावा हात गुडघ्यावर ठेवून माझ्याकडे बघत बसले. शेजारची मोटार चालू होती, त्यामुळे मला आवाज थोडा चढवावा लागला.

"तुम्ही पायऱ्या चढायला लागलात की मी या घरातून जाणार आहे," मी म्हटलं. "कोल्हापूरला, एकटी. आप्पांमुळे नाही. मला जायचंय म्हणून."